डाव्या पायाचा आकडा

माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. घरात सगळे तिला बारकी म्हणायचे, आणि पुढं ती माझ्या कानाच्या वर गेली तरी बारकीच राहिली. कोल्हापूरजवळ कळंब्याच्या तळ्याकडून आत वळलं की आमचं घर. वडील दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, आई दोन म्हशी बघायची, आणि मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये लेथवर, लोखंड कातायला. आमच्यात मैदानावर कधी कुणी गेलेलं नव्हतं. बारकी गेली, कारण सातवीत असताना शाळेच्या ओढ्यावरून तिनं उडी मारलेली एका सरांनी बघितली. ते सर घरी आले आणि आईला म्हणाले, "ही पोरगी मला द्या." आईला वाटलं स्थळच घेऊन आलेत. ती त्यांच्यावर अशी काही खवळली की सर चप्पल न घालताच अंगणात उतरले.

पुढं आठ-नऊ वर्षं ती लांब उडी मारत राहिली. डाव्या पायावर उडायची. पळत येऊन डावा पाय फळीवर आपटायचा आणि मग जे काही व्हायचं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी लोखंडाचा माणूस, मला खाली पडणाऱ्या वस्तू कळतात. ती वर जायची आणि जरा वेळ खालीच यायची नाही असं वाटायचं. राज्याच्या स्पर्धेत ती दोनदा तिसरी आली. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळते, त्यासाठी निवड चाचणी असते, तिथं सहज बसेल असं सर म्हणत होते.

बाविसाव्या वर्षी, थंडीतल्या एका सकाळी सरावात तिचा पाय फळीवर पडला आणि गुडघा आत वळला. सांध्याला बांधून ठेवणारा आतला लिगामेंट पूर्ण तुटला होता. ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची शीर काढून गुडघ्यात बसवली, असं आम्हाला समजेल अशा भाषेत डॉक्टरांनी सांगितलं. तीन महिन्यांनी ती कुबडीशिवाय चालायला लागली तेव्हा डावी मांडी उजवीपेक्षा इतकी बारीक झाली होती की सलवारीतूनही कळायचं. आई तेल चोळायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

व्यायामासाठी आम्ही शहरात एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे जायचो. लहान दवाखाना, दोन खोल्या. मॅडम माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. एकदा मी त्यांना विचारलं, "आता चालती, जिना चढती, मग पळायला कधी लागायचं?" त्या म्हणाल्या, "दिसायला बरा झालेला पाय आणि उडी मारण्याजोगा पाय, यात फार फरक असतो. तो फरक डोळ्यांना दिसत नाही. मोजावा लागतो."

मग त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातलं यंत्र होतं. एक फळी, तिच्याखाली आडवं बसवलेलं जड चाक, चाकाच्या दांड्याला गुंडाळलेला पट्टा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक माणसाच्या कमरेला. माणूस खाली बसून जोरात उठला की पट्टा उलगडतो आणि चाक फिरतं. पूर्ण उठला की पट्टा संपतो, पण चाक थांबत नाही. ते उलटा पट्टा गुंडाळायला लागतं आणि माणसाला खाली खेचतं. जेवढ्या जोरानं उठलात तेवढ्याच जोरानं ते तुम्हाला बसवायला बघतं, आणि ते खेचणं तुम्ही पायांनी अडवायचं. वजनं उचलण्यात हे होत नाही, मॅडम म्हणाल्या. उडी मारणाऱ्याच्या पायाला असंच अडवायची सवय लागते. शिवाय चाकाच्या वेगावरून प्रत्येक उठण्यात पायानं किती ताकद लावली ते वॉटमध्ये मोजता येतं. डावा किती, उजवा किती, दोन्ही समोर दिसतात.

"कोल्हापुरात कुठं हाय हे?"

"नाही कुठं."

मी व्हिडिओ परत लावला. चाक, शाफ्ट, दोन बेअरिंगं, पट्टा. "मॅडम," मी म्हणालो, "हे तर आमचंच काम हाय की."

ते खरं होतं, आणि तिथूनच माझ्या अंगात काहीतरी भरलं. बहिणीसाठी इतके महिने मी फक्त गाडी चालवली होती आणि दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. आता माझ्या हाताला करायला काहीतरी मिळालं.

शॉपमध्ये एक बिडाचं चाक रिजेक्ट होऊन पडलं होतं, हबजवळ, म्हणजे मधल्या भोकापाशी, ओतकामात पोकळी राहिली होती म्हणून. सुपरवायझरला विचारून ते घेतलं. जेवणाच्या सुट्टीत ते लेथवर लावून दोन्ही बाजू साफ केल्या, शाफ्ट बनवला. ट्रकवर माल आवळायचा पट्टा आणला. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून कमरेचा जाड बेल्ट शिवून घेतला. मोजायचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ते मेंटेनन्समधल्या माझ्या मित्रानं केलं. त्यानं चाकाच्या कडेला लहान लोहचुंबक चिकटवले, समोर सेन्सर लावला, आणि त्याच्याच जुन्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम लिहिला. मला त्यानं दोनदा समजावून सांगितलं होतं, "हे बघ, सेन्सरला जोर कळत न्हाई. त्याला फक्त चाक किती भरभर फिरलं एवढंच कळतंय. जोराचा हिशोब प्रोग्राम करतोय, आन् त्यासाठी चाक किती जड हाय, किती मोठं हाय, ते आपण त्याला सांगायला लागतंय. ते चुकलं की समदं चुकलं." त्यानं चाकाचं वजन करून, व्यास मोजून, तो आकडा प्रोग्राममध्ये भरला.

म्हशींच्या गोठ्याशेजारी पत्र्याची शेड होती. यंत्र तिथं बसवलं. पहिल्या मोजणीला मॅडम स्वतः घरी आल्या. एक पाय मागं स्टुलावर टेकवायचा आणि दुसऱ्या एकट्या पायावर उठायचं, असं सात वेळा. उजवा आला दोनशे चाळीस वॉट. डावा एकशे अठ्ठावीस.

बारकी लॅपटॉपकडे बघत राहिली. "निम्माच हाय की दादा."

मॅडम म्हणाल्या, "निम्म्याहून थोडा जास्त आहे. डावा जेव्हा उजव्याच्या शंभरात नव्वद होईल तेव्हा उडीचं बोलू. म्हणजे दोनशे सोळा. उजवा पाय दर वेळी मोजू नका, उगाच दमेल. त्याचा आकडा लिहून ठेवा आणि दर शनिवारी फक्त डावा मोजा."

मी एक दोनशे पानी वही केली. पहिल्या पानावर उजव्याचा आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्यानंतरचे चार महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत बरे होते असं मी कधीकधी म्हणतो, आणि मग मला माझीच लाज वाटते. तिच्यासाठी ते बरे नव्हते. आठवड्यातून तीनदा ती त्या बेल्टात अडकून उठायची, बसायची. चाकाचा घरघर आवाज व्हायचा, म्हशी कान टवकारायच्या. खाली येताना चाक खेचायचं तेव्हा तिचा डावा पाय थरथरायचा आणि ती दातांवर दात दाबून धरायची. शनिवारी फर्स्ट शिफ्ट संपवून मी घरी येईपर्यंत ती शेडमध्ये तयार असायची. "चल मोज."

एकशे पस्तीस. एकशे त्रेचाळीस. एकशे अठ्ठावन्न. पुढं चाल मंदावली. एकशे सत्तर आलं आणि तिथंच थांबलं. एका शनिवारी एकशे बहात्तर, पुढच्या शनिवारी एकशे एकोणसत्तर, पुन्हा एकशे बहात्तर. सहा आठवडे. मॅडम म्हणाल्या असं होतं, धीर धरा. सर म्हणाले चाचणीची तारीख लागेल आता कधीही. बारकीला तेविसावं लागलं होतं, आणि या भरतीत त्याच्या पुढं घेत नव्हते. ही चाचणी हुकली की पुन्हा नाही.

सातव्या शनिवारीही एकशे बहात्तर आलं. तिनं बेल्ट सोडला आणि भिंतीवर फेकला. "एवढं करून? एवढं करून पुन्हा तेच? माझा पाय मेलाय दादा. तुला कळत न्हाई का, मेलाय त्यो!" मग ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि मुठीनं मांडीवर मारायला लागली. मी तिचे हात धरले. आई दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली.

त्याच आठवड्यात चाकाला हबपासून तडा गेला. रिजेक्ट माल होता, कधीतरी जाणारच होता. मी शॉपमध्ये दुसरं काही मिळतंय का बघितलं. बिडाचं नव्हतं, पण स्टीलच्या जाड प्लेटचा एक गोल तुकडा होता. जुन्या चाकापेक्षा पातळ. मी तो लेथवर कातून बसवला. वजन वेगळं आहे हे मला माहीत होतं. लेथवर काम करणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं असं कुणी म्हणू नये. प्रोग्राममधला आकडा बदलायचा होता, पण तो कुठं बदलायचा हे मित्रालाच ठाऊक, आणि मित्र महिनाभर रजेवर गेला होता, वडिलांच्या ऑपरेशनसाठी गावी. दवाखान्यात धावपळ करणाऱ्याला यासाठी फोन करणं मला बरं वाटलं नाही. मी ठरवलं, आला की बदलू. तोपर्यंत सराव तरी चालू राहील.

शनिवारी ती सवयीनं म्हणाली, "चल मोज." मी म्हणायला हवं होतं की आज मोजायचं नाही. माझ्या तोंडात ते आलंही होतं. पण तिचा चेहरा इतका पडलेला होता, की मला वाटलं आकडा बघून ती निदान कामाला तरी लागेल. मी लॅपटॉप उघडला.

दोनशे पाच.

ती माझ्याकडे बघायला लागली. "पुन्हा दाखव." मी पुन्हा दाखवलं. तिनं बेल्टासकट उडीच मारली, पट्टा ताणला गेला, आम्ही दोघंही पडता पडता वाचलो. "आये! आये, दोनशे पाच!" आई हात पुसत पळत आली. तिला वॉट म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण बारकी हसतेय हे कळलं. संध्याकाळी आईनं शिरा केला, आणि सरांनाही बोलावून घेतलं. तिनं एकदा हाकलून दिलेले सर आमच्या घरी मांडी घालून बसले आणि दुसऱ्यांदा शिरा मागून घेतला.

मला कळलं नव्हतं का? हा प्रश्न मी स्वतःला हजार वेळा विचारला आहे. कळलं होतं. शिऱ्याचा घास तोंडात असतानाच मनात आलं होतं की चाक हलकं आहे. आलं आणि मी ते बाजूला सारलं. मनाशी म्हणालो, थोडा फरक असेल, पण सगळाच काही चाकाचा नसेल. तिनं एवढे दिवस घाम गाळलाय, तो कुठं जाईल?

पुढच्या शनिवारी दोनशे अकरा. त्याच्या पुढच्या शनिवारी दोनशे वीस. मी वहीत लिहिलं आणि खाली लाल पेनानं रेघ मारली. सरांनी चाचणीसाठी तिचं नाव पाठवलं. ती पुन्हा पळायला लागली होती, घरात गाणं म्हणायला लागली होती. न्हाणीतून तिचा आवाज यायचा आणि वडील टेम्पो धुता धुता थांबून ऐकायचे.

मित्र रजेवरून आला तो सोमवार होता. चाचणीला अकरा दिवस उरले होते. कँटीनमध्ये चहा घेताना त्यानं सहज विचारलं, "ते नवं चाक बसवलंयस म्हनं. प्रोग्रामात बदल कुणाकडनं करून घेतलास?"

मी बशीतला चहा परत कपात ओतला.

त्यानं कप खाली ठेवला. "केलाच न्हाईस?"

उरलेल्या प्लेटचा तुकडा स्टोअरच्या काट्यावर ठेवून त्यावरून नव्या चाकाचं वजन काढलं, माझ्याकडे मापं होतीच. एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठीमागं त्यानं हिशोब मांडला. नवं चाक फिरवायला जुन्याच्या शंभरात पंच्याऐंशीच जोर लागत होता. प्रोग्राम मात्र जुनंच चाक धरून चालला होता, त्यामुळं प्रत्येक आकडा फुगून येत होता. दोनशे वीस म्हणजे खरे एकशे सत्त्याऐंशी. आणि ते पहिले दोनशे पाच, ज्यावर शिरा झाला होता, ते एकशे चौऱ्याहत्तर. म्हणजे त्या दिवशी ती होती तिथंच होती. उजवा पाय आम्ही नव्या चाकावर एकदाही मोजला नव्हता. मोजला असता तर तोही असाच फुगून आला असता, आणि त्याच क्षणी सगळं उघडं पडलं असतं.

मित्र म्हणाला, "आजच सांग तिला. सांगतो म्हणून शब्द दे मला."

"सांगतो," मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मी हातपाय धुतले, चहा प्यालो, आणि जे सांगायचं होतं त्याच्या आसपासचं बोललो. "बारके, अजून एक-दोन महिनं थांबलो तर?"

ती थांबली. "का?"

"न्हाई, म्हंजे पाय अजून पक्का होईल."

"दादा, दोन महिन्यांनी चाचणी कुठं हाय? ही गेली की संपलं. मग मी काय करू, म्हशी धू?" ती हसली. "तू भितोस. मी न्हाई भीत आता. पयलं भीत हुते. आकडा आल्यापासनं न्हाई भीत."

मी म्हणालो, "बरं."

बुधवारी मॅडमकडे शेवटची तपासणी होती. त्यांनी तिला दवाखान्याबाहेरच्या मोकळ्या जागेत एका पायावर उड्या मारायला लावल्या. आधी उजव्यावर, मग डाव्यावर. टेपनं मोजलं. मग पुन्हा एकदा लावल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "डावा अजून कमी पडतोय. आणि टेकताना गुडघा आत जातोय, थोडासाच, पण जातोय." त्यांनी माझ्या हातातली वही मागितली. शेवटचं पान बघितलं, पहिलं पान बघितलं. "आकडा मात्र चांगला आहे. दोनशे चाळीसला दोनशे वीस. हे बघून नाही म्हणणं कठीण आहे." त्यांनी वही मिटली. मग मला थेट विचारलं, "हा आकडा बरोबर आहे ना? तुमची खात्री आहे?"

बारकी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, शंकाही नव्हती. नुसतं बघत होती, दादा काय सांगतोय ते ऐकायला.

"व्हय," मी म्हणालो. "बरोबर हाय."

मॅडमनी पाय उडीला तंदुरुस्त असल्याच्या दाखल्यावर सही केली.

चाचणी दुसऱ्या गावी होती. मी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. मोठं मैदान, पंचवीस-तीस मुली, प्रत्येकीला तीन उड्या. मला कठड्याच्या आत सोडलं नाही, म्हणून वाळूच्या खड्ड्याच्या समोर जाळीला धरून उभा राहिलो. पहिली उडी तिची बाद गेली, पाय फळीच्या पुढं पडला. दुसरी बरी पडली, पण निवडीला पुरेशी नव्हती. ती पळण्याच्या रेषेवर परत गेली आणि मला हात दाखवला. मला त्या वेळी ओरडता आलं असतं. जाळीवरून उडी मारून आत जाता आलं असतं. पोलिसांनी धरलं असतं, लोक हसले असते, ती जन्मभर माझ्याशी बोलली नसती, पण तिचा पाय राहिला असता. मी हात वर केला आणि तिला अंगठा दाखवला.

ती अशी पळत आली की बाजूच्या मुली बोलायच्या थांबल्या. डावा पाय फळीवर पडला. आवाज मला ऐकू आला, निदान मला तसं वाटतं. गुडघा आत गेला, पूर्ण गेला, आणि ती वर न जाता कडेला वाळूत पडली.

मी आत धावलो तेव्हा कुणी अडवलं नाही. ती रडत नव्हती. दोन्ही हातांनी गुडघा धरून बसली होती, केसात वाळू होती. मला बघून ती अगदी हळू म्हणाली, "दादा, आकडा तर बरोबर हुता की."

मी तिच्या शेजारी वाळूत बसलो.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होतं. बसवलेली शीर तर तुटलीच होती, शिवाय गुडघ्यातली गादीही फाटली होती, तिचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. डॉक्टर म्हणाले, चालेल, संसार करेल, पण उडीचं नाव काढू नका. बारकीनं मान डोलावली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. नंतरचे कित्येक महिने ती व्यायामालाही गेली नाही. मॅडमचे फोन यायचे, ती घ्यायची नाही. एकदा मॅडमनी मला फोन केला. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत होतं मला. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं." मी तेही ऐकून घेतलं. त्या बाईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही.

मित्रानं मात्र मला सोडलं नाही. कँटीनमध्ये तो माझ्या टेबलावर बसायचा बंद झाला. एकदा वाटेत समोर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "सांगतो म्हणालतास." मी यंत्र उकललं, चाक शॉपच्या भंगारात टाकलं, लॅपटॉप त्याला परत दिला. वही तेवढी जाळता आली नाही. ती माझ्या कपाटात आहे.

वर्षानं हुपरीचं स्थळ आलं. चांदीकामाचं घर, पैंजण करतात, माणसं चांगली. गुडघ्याचं सगळं सांगूनच ठरलं. त्यांच्या घरात बायका खाली बसून कड्या जोडतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पाय दुमडून. बारकीचा डावा पाय पूर्ण दुमडत नाही. तिच्यासाठी एक लाकडी स्टूल आणि उंच पाट केलाय. बाकी सगळ्या जणी खाली आणि ती एकटी वर, पाय समोर सरळ सोडून. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आलो.

मागच्या वर्षी, लग्नाला आठ महिने झाले असताना, मी एसटीनं हुपरीला गेलो. ठरवूनच गेलो होतो. दुपारची वेळ होती, तिचा नवरा कोल्हापूरला माल द्यायला गेला होता, सासू शेजारी बसायला. बारकीनं चहा ठेवला. मी ओट्याशेजारी उभा राहून सांगायला लागलो. चाकाला तडा गेला तिथपासून सुरू केलं. नवी प्लेट, दोनशे पाच, मित्र परत आला तो सोमवार, ड्रॉइंगच्या मागचा हिशोब. मॅडमनी विचारलं आणि मी व्हय म्हणालो ते. काहीही झाकलं नाही. ती चहाकडे बघत होती. उतू जायला आला तेव्हा तिनं गॅस बंद केला, गाळला, कप माझ्या हातात दिला.

"म्हंजे पाय झालाच नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"आन् अकरा दिस तुला ठाऊक हुतं."

"व्हय."

बाहेर कुणाच्या तरी कारखान्यात हातोडीचे बारीक ठोके पडत होते.

"आता कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एवढे दिस मी पायावर राग धरला हुता. माझा पाय नालायक, मी कमी पडले, असं म्हणत हुते. त्यात जगता येत हुतं. आता काय करू? तुझा राग करू?"

"कर की," मी म्हणालो. "त्यासाठीच सांगितलं."

"तुझ्यासाठी सांगितलंस," ती म्हणाली. "माझ्यासाठी न्हाई."

मी चहा तसाच ठेवला. रडायला आलं होतं, पण तिच्यासमोर रडण्याचाही मला हक्क नव्हता असं वाटलं. सासूबाई आल्या, त्यांनी जेवून जा म्हणून आग्रह केला, बारकीनंही केला, अगदी पाहुण्याला करतात तसा. मी काम आहे सांगून निघालो. दारापर्यंत ती आली नाही. स्टँडवर उभा राहिलो तेव्हा मला वाटलं होतं की छातीवरचं ओझं उतरलं असेल. तसं काही झालं नव्हतं. आता ते दोघांना वाहायचं होतं, एवढंच.

त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं नाही. तसं केलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. फोन केला की उचलते, दादा म्हणते, वडिलांची चौकशी करते, आईला दे म्हणते. आई विचारते, तुमच्यात काय झालंय का रं? मी न्हाई म्हणतो. आईला मी काय सांगणार? अजून ती देवासमोर दिवा लावताना बारकीच्या गुडघ्याचं नाव घेते.

परवा भाऊबीजेला बारकी आली. नवऱ्यानं मोटारसायकल दारात लावली, ती मागून उतरली. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. तिनं पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, मग डावा त्याच पायरीवर आणला, थांबली, मग दुसरी. आई हात पुसत बाहेर धावली आणि तिनं बारकीचा दंड धरला. मीही खुर्चीवरून उठलो होतो. आई पोचली तसा मी परत खाली बसलो.